दाऊ आणि ये

सिद्धोधनने बदलीचा अर्ज इंग्रजीत केला आणि तिथंच माशी शिंकली. तो मानवतच्या कचेरीत लिपिक, बायको बबिता परभणीला नर्स. रोज एसटीने तो घरी पोचेपर्यंत लेक राणी झोपलेली असे. रविवारी ती बापाकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघायची, याचंच त्याला फार लागे. परभणीच्या मुख्य कचेरीतल्या आदिनाथसाहेबांकडे त्याचे तिथंच बदली मागणारे मराठीतले तीन अर्ज धूळ खात पडले होते, म्हणून चौथा इंग्रजीत. पण 'यू' तर शिपायालाही म्हणतात, साहेबांना कसं म्हणावं? जुन्या इंग्रजी प्रार्थनेत देवाला 'दाऊ' म्हणतात, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने अकरा ठिकाणी 'दाऊ' घातलं आणि अर्ज ईमेलने धाडून दिला.

मग अर्जाची प्रत त्याने मोठ्या कौतुकाने शेजारच्या मंजुषा मॅडमना दाखवली. त्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अवो भाऊ, 'दाऊ' म्हंजे 'तू'! त्यांच्यात बी पयले तू अन् तुमी येगळे होते. 'यू' म्हंजे तुमी. 'दाऊ' पोराटोरांना, नोकराला."

"मग देवाला कसं म्हणतेत?"

"देवाला आपण बी 'तू'च म्हणतो की! साहेबाला म्हणतो का?"

सिद्धोधनने घाईघाईने प्रत घडी करून खिशात कोंबली. "मॅडम, लय मानाचा शब्द सांगा एखादा."

"अनेकवचनाला वाय-ई, 'ये' लिहायचे, वाचायचे 'यी'. मागून आदरानं एकट्याला बी म्हणायला लागले. पण आता कुणी..."

पुढचं ऐकायला सिद्धोधन थांबलाच नाही. त्याने लगोलग माफीचं पत्र धाडलं. त्यात सात वाक्यं होती आणि सातही 'ये'ने सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी अकरालाच साहेबांचा फोन आला.

"सिद्धोधन! अर्जात मला 'तू' म्हणलात. म्हणलं, चुकला असंल माणूस. अन् आता वरून 'ये'? सात खेपा? मी काय तुमचा लंगोटीयार हाय का, ये म्हणलं की यायला?"

"साहेब, ते 'यी' हाय, आदराचं..."

"गप बसा! मी येणार न्हाई, तुमीच या! सोमवारपासून इथं परभणीला, माझ्या नजरेसमोर बसायचं. बदलीची ऑर्डर आत्ताच काढायलोय."

सिद्धोधनने खुर्चीचा हात घट्ट धरला. हसू आवरताना त्याचा आवाज आपोआपच रडका झाला.

"साहेब, एवढी मोठी शिक्षा नका देऊ."

"शिक्षा म्हंजे शिक्षा!" म्हणत साहेबांनी फोन आपटला.