भांडायला येणारी द्वारकाकाकी

आजाऱ्याला बघायला जाताना लोक शहाळं नेतात. आमची शेजारीण द्वारकाकाकी भांडण घेऊन जायची. दवाखान्यात ‘शांतता राखा’ अशी पाटी दिसली की तिला आणखीच जोर चढायचा. "मेल्यावर शांतताच हाय की!" असं म्हणत ती खाटेपाशी स्टूल ओढायची आणि कुणाला बांधावरून, कुणाला लग्नातल्या मानपानावरून डिवचायची. आजारी माणूस रागाने उठून बसलं, की ही समाधानाने पदर खोचून घरी.

अशातच आमचे बाबा आजारी पडले. हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना, आणि मूर्तींचे डोळे रंगवणं बाबांचं काम. छातीत दुखलं म्हणून पेणला दवाखान्यात राहून आले. डॉक्टर म्हणाले, आता हिंडाफिरायला हरकत नाही. पण बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आम्ही पावलं न वाजवता वावरायचो, कुजबुजायचो, पेज पुढे करायचो. ते आणखीच खचत चालले.

काकी दारातूनच ओरडत आली. "गणू, तुझ्या पोरीने डोळे रंगवलेत ते बघून आले. गणपती तिरळा झालाय!"

मी रंगवले होते डोळे. मला असा राग आला म्हणता!

"माझ्या कारखान्यातला गणपती तिरळा?" बाबांचा आवाज कितीतरी दिवसांनी घरात घुमला.

"व्हय. नाय पटत तर ऊठ नि बघ. आधी ती गोळी गीळ."

बाबा गोळी गिळून, काकीला शिव्या देत, भिंत धरून कारखान्यात गेले. डोळे सरळच होते. तरी त्यांनी ब्रश मागितला, आणि तिथून पुन्हा कामालाच लागले.

यंदा काकीच आजारी पडली. एकटी बाई, मूलबाळ नाही. ताप उतरला, पण तिने जेवण टाकलं. बाबा आणि मी शहाळं घेऊन गेलो. मी हळू आवाजात विचारपूस केली, तशी तिने तोंड फिरवलं.

"आमचे हे आजारी होते तवा सगळे असंच हळू बोलायचे," ती म्हणाली. "मी पण हळू बोलले गो. जन्मभर भांडले नि शेवटाला गप बसले. त्यांना वाटलं असंल, हिला आता आपली गरज नाय."

बाबांनी हातातली काठी आपटली.

"द्वारके, इतकी वर्षं बोललो नाय. तुझं वालाचं बिरडं खारट असतं!"

"काय?" काकी कोपरावर उठली. "माझं बिरडं खारट? जीभ जळली तुझी, मेल्या!"

"नाय पटत तर ऊठ नि करून दाखव. आधी ती पेज पी."

बडबडत, बाबांचा उद्धार करत तिने वाटीभर पेज संपवली. आम्ही निघालो तसा तिने बाबांचा हात धरला. डोळे भरले होते तिचे.

"गणू, उद्या येशील ना रे भांडायला?"

"नाय येत," बाबा म्हणाले. "आता तू ये."