मेट्रोपोलिस किताब आणि रंगारवाडीची ओटी

श्री. जिने मनुष्यास वाचा दिली आणि बोलण्यापूर्वी विचार करण्याचे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडले, त्या शारदेस प्रथम नमन. मग कुलस्वामीस नमन, आणि मग ज्यांच्या अन्नावर हा देह पोसला त्या श्रीमंतांस नमन. शके सत्राशे पंचेचाळीस, सुभानु नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी या राज्यात एक इंग्रजी शब्द येता जाहला आणि त्याने थोरामोठ्यांकडून जे जे करविले, ते जैसे घडले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. शेजारच्यांस ते ठाऊक आहे आणि दूरच्यांस सांगून उपयोग नाही.

तर श्रीमंतांनी त्याच्या दोन वर्षे आधी राजवाड्यामागे बाग केली आणि बागेत कारंजी केली, आणि कारंज्यांस पाणी हवे म्हणून कारभारी रखमाजी अनंत यांनी खिंडीतल्या ओढ्यास बांध घातला आणि पाट काढून सगळे पाणी बागेत आणिले. कारभारी मोठे कर्ते पुरुष. एक काम हाती घेतले की दुसऱ्याचे काय होते हे पाहण्यास त्यांस सवड नसे. त्या ओढ्याच्या खालच्या अंगास, शहरापासून चार कोसांवर, रंगारवाडी म्हणोन वस्ती आहे. तेथील लोक निळीने कापड रंगविणारे. नीळ रांजणात आंबवावी लागते आणि नवा रांजण लावावयाचा तर त्यात जुन्या रांजणातले पाणी विरजणासारखे घालावे लागते, त्यावाचून रंग उठत नाही. म्हणून हे लोक रांजण जिवंत आहे म्हणतात, मेला म्हणतात, आणि मेला तर सुतक धरल्यासारखे बसतात. ओढा आटला, विहिरी आटल्या, आणि एकेक करून वाडीचे रांजण मेले. त्या चैत्रात एकच जिवंत उरला होता. तोही मेला असता तर विरजणास थेंब कोठे मिळता ना, आणि वाडीचा धंदा कायमचा बुडता. वाडीची कर्ती बाई राहीबाई, तुळाजी रंगाऱ्याची बायको, पन्नाशीची, नवरा दम्याने खाटेस लागल्यापासून सगळे रांजण तीच राखीत असे. ती दोन वेळा अर्ज घेऊन देवडीवर आली आणि दोन्ही वेळा श्रीमंत विश्रांतीस गेले आहेत ऐसे उत्तर घेऊन परतली. हे लिहिताना लिहिणाऱ्यास वाईट वाटते, कारण दुसऱ्या वेळी श्रीमंत गंजिफा खेळत होते.

ऐसे असता, पाडव्यानंतर इंग्रज साहेब मेजवानीस आले. मांडवात पंगत जाहली, साहेबांनी पुरणपोळी चमच्याने खाल्ली, आणि मग श्रीमंतांनी त्यांस गच्चीवर नेऊन शहर दाखविले. खाली बाजार भरला होता, बागेत कारंजी उडत होती, ऊन कलले होते, आणि साहेबांनी पोटावर हात ठेवून एक शब्द उच्चारिला, तो मेट्रोपोलिस. आणि घोड्यावर बसून निघून गेले. मग दरबारात एकच चर्चा. कोणी म्हणे हा किताब आहे, कोणी म्हणे शिवी आहे, कोणी म्हणे साहेबांस अपचन जाहले. तेव्हा श्रीमंतांनी दुभाषी अंतोन यांस बोलाविणे पाठविले. अंतोन गोव्याकडील, पाद्रींच्या शाळेत शिकलेला, स्वभावे भिडस्त, परंतु शब्दाचे मूळ विचारले की भीड विसरत असे.

अंतोन बोलिले, "महाराज, शब्द इंग्रजांचा नव्हे, यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा. मेटर म्हणजे आई आणि पोलिस म्हणजे नगर. त्या देशी एखादे नगर फार दाटले म्हणजे काही मंडळी जहाजांत बसून परमुलखी जात आणि नवे नगर वसवीत. जाताना मूळ नगराच्या अग्निकुंडातला विस्तव नेत आणि त्यावर आपली पहिली चूल पेटवीत. मग त्या मूळ नगरास हे लोक आईनगर म्हणत. लेकीच्या सणास आईचा मान पहिला, आणि लेक अडचणीत आली तर आईने धावून जावे."

श्रीमंत प्रसन्न होऊन बोलिले, "मग साहेबांनी आम्हांस मातेचा मान दिला म्हणावयाचा."

अंतोन म्हणाले, "तैसे नाही. पुढे ख्रिस्ती धर्म आला तेव्हा ज्या नगरी मोठे धर्मगुरू बसत त्यास हा शब्द लागला. मग इंग्रजांनी घेतला तो राजधानीस लाविला. आणि आता तर बाजारात गर्दी दिसली आणि बोलणाऱ्याचे पोट भरलेले असले की कोणत्याही मोठ्या शहरास म्हणतात. साहेब ह्या शेवटल्या अर्थाने बोलिले."

श्रीमंतांनी घटकाभर विचार केला आणि आज्ञा केली की, "शेवटला अर्थ कोणासही मिळेल. आम्ही पहिला घेऊ." आणि नगारखान्यावर नौबत वाजली, आणि साखर वाटली, आणि नव्या किताबाचा समारंभ वैशाखात करून त्यास साहेबांस बोलवावे ऐसे ठरले. परंतु शेजारच्या संस्थानचे वकील दरबारात बसले होते, त्यांस हे सोसवले नाही. ते हळूच म्हणाले, "अभिनंदन. मातोश्रींच्या लेकी कोठे दिल्या आहेत?" मग शास्त्रीमंडळींची मसलत बसली, आणि दोन दिवस बसली, आणि निर्णय इतकाच निघाला की लेकीवाचून आई होत नाही. लेक शोधावी तर या शहरातून बाहेर पडून कोणी काही वसविल्याचे कोणास आठवेना. शेवटी कारभाऱ्यांसच आठवले की थोरल्या महाराजांच्या वेळी निळीच्या रांजणांचा वास राजवाड्यात येतो म्हणून रंगाऱ्यांस वेशीबाहेर काढिले होते, त्यांनीच पुढे वाडी वसविली, आणि जाताना आपल्या रांजणातले पाणी घागरींत भरून नेले होते, त्यावरच तेथला पहिला रांजण लागला. अंतोन हे ऐकून उठून उभे राहिले. "विस्तवाच्या जागी हेच," ऐसे म्हणाले. मग लेक सापडली. तिला हाकलून दिले होते एवढे बखरीत घालू नये ऐसे शास्त्र्यांनी सुचविले. लिहिणाऱ्याने ऐकले नाही.

मग कारभारी स्वतः मेण्यात बसून रंगारवाडीस गेले आणि चावडीवर वाडी जमवून सांगते जाहले की, "आनंदाची गोष्ट आहे. तुम्ही आमच्या शहराची लेक आहात. वैशाखात समारंभास या."

राहीबाई निळे हात पदरास पुसत म्हणाली, "कारभारीसाहेब, आमच्या आज्याला शिपाई लावून वेशीपातुर घालवला व्हता. तवा लेक व्हतो का आमी?"

कारभारी म्हणाले, "झाले ते झाले."

"बरं. झालं ते झालं. पर लेक म्हनून बोलवताय तर लेकीसारखं न्या. मुराळी पाठवा. मुराळ्याबिगर लेक म्हायेरी जात न्हाई."

कारभारी बुद्धिवान, त्यांनी तेथेच म्हटले की, "मीच मुराळी." मग मुराळी जेवल्यावाचून उठत नाही, म्हणोन राहीबाईने त्यांस पाटावर बसविले आणि ताट वाढिले. ताटात भाकरी होती, पिठले होते, कांदा होता, गूळही होता. पाणी मात्र तांब्याने न देता एका वाटीत दिले, आणि जेवण जाहल्यावर हात धुवावयास आणखी अर्धी वाटी दिली, आणि हात धुतलेले पाणी खाली न सांडू देता भांड्यात धरून उचलून नेले. कारभाऱ्यांनी ते पाहिले आणि मेण्यात जाऊन बसले.

वैशाख शुद्धात समारंभ जाहला. वाडीची सगळी माणसे गाड्यांतून आली, कारभारी पुढे घोड्यावर, वेशीवर भाकरतुकडा ओवाळून टाकिला, आणि वाजतगाजत मंडळी बागेत आली. कारंजी उडत होती. वाडीची पोरे हौदाशी जाऊन कोपरापर्यंत हात बुडवून उभी राहिली आणि त्यांच्या आयांनी त्यांस मागे ओढिले नाही. साहेब खुर्चीवर बसले, शेजारी अंतोन उभे, समोर वकील, आणि मधोमध चौरंग. शहराच्या वतीने ओटी भरावयाची ती राणीसाहेबांनी. राणीसाहेबांचे वय विशीचे, लग्न होऊन आल्यापासून एकदाही माहेरी गेल्या नव्हत्या, आणि त्यांच्यापुढे लेक म्हणून पन्नाशीची राहीबाई बसली. साहेबांनी अंतोनास विचारिले की यांत आई कोणती, आणि अंतोनांनी दाखविली तेव्हा साहेबांनी चष्मा पुसला.

या राज्यात रिवाज ऐसा की, ओटी भरणारीने नारळ हाती घेऊन विचारावे, "बाई, काय उणे आहे?" आणि लेकीने मान खाली घालून म्हणावे, "काही उणे नाही," आणि मगच नारळ ओटीत घालावा. पिढ्यानपिढ्या हाच प्रश्न आणि हेच उत्तर. ज्यांना सगळेच उणे होते त्या लेकीही हेच म्हणत आल्या, आणि आया सगळे जाणून नारळ घालीत आल्या. त्याप्रमाणे राणीसाहेबांनी नारळ घेतला आणि विचारिले, "बाई, काय उणे आहे?"

राहीबाईने पदर पसरलेला तसाच ठेविला आणि मान वर करून म्हणाली, "पानी."

सनईवाल्याने वाजवावयास तोंड लाविले होते, ते काढिले. कारभारी पुढे होऊन म्हणाले, "बाई, येथे काही उणे नाही असे म्हणावयाचे असते."

"मला ठावं हाय, मुराळीदादा. माज्या म्हायेरी मी धा येळा म्हनलंय. पर हितं माजी एकटीची ओटी न्हाई, वाडीची हाय. एकच रांजण जित्ता ऱ्हायलाय, त्यो ह्या म्हयन्यात जाईल. मग मी घरला जाऊन काय सांगू, काय उनं न्हाई म्हनून आले?"

वकील हसले. शास्त्री म्हणाले, उत्तर चुकले, ओटी पुन्हा आरंभापासून भरावी. राणीसाहेब मात्र नारळ हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या श्रीमंतांकडे वळून म्हणाल्या, "मी विचारले आणि ती खरे बोलली. आता पाणी दिल्यावाचून हा नारळ मी कसा घालू?"

श्रीमंतांनी कारभाऱ्यांस विचारिले, "तुम्ही मुराळी होऊन गेला होता. काय पाहिले?"

ज्याने बांध घातला त्यासच हे सांगावयाचे होते. कारभारी म्हणाले, "महाराज, भाकरी पोटभर दिली. पाणी वाटीने दिले. बांध फोडला तर ओढा चार दिवसांत वाडीस पोहोचेल. पण कारंजी राहणार नाहीत."

तेव्हा श्रीमंतांनी अंतोनाकरवी साहेबांस विचारिले की, कारंजी बंद जाहली तर आमचा किताब राहील की नाही. साहेब भला माणूस, त्यांनी बागेकडे पाहिले, बाजाराकडे पाहिले, आणि प्रामाणिकपणे सांगितले की कारंज्यांवाचून आपण बहुधा टाऊन म्हणालो असतो.

"टाऊन म्हणजे?"

"गाव, महाराज," अंतोन म्हणाले. "बाजाराचे मोठे गाव. मुळात अर्थ कुंपण. ज्याला कुंपण आहे ती जागा."

श्रीमंतांनी कारंज्यांकडे पाहिले. ती त्यांस फार आवडत. रात्री झोप आली नाही म्हणजे येथेच येऊन बसत, हे सगळ्यांस ठाऊक होते. मग ते म्हणाले, "कुंपण आहे आपल्याला. तेवढे पुरे. रखमाजीपंत, माणसे घेऊन खिंडीत जा आणि बांध फोडा. आणि लेकीने मागितले ते अर्धे देऊ नका." आणि राणीसाहेबांनी नारळ ओटीत घातला, आणि तांदूळ घातले, आणि खण घातला, आणि रिवाजात नसताना राहीबाईच्या खांद्यावर डोके टेकून रडल्या. राहीबाईने निळ्या हातांनी त्यांची पाठ थोपटली. शालूवर डाग पडले, ते पुढे निघाले नाहीत.

मग सायंकाळच्या सुमारास कारंजी बसली. हौदातले पाणी दोन दिवस स्थिर राहिले आणि मग आटले. साहेब दोन वर्षांनी पुन्हा आले, पुन्हा गच्चीवर उभे राहिले, आणि छान टाऊन आहे ऐसे म्हणाले, आणि श्रीमंतांनी त्यांस विडा दिला. वकिलांनी हे सगळे आपल्या संस्थानात सांगितले आणि तेथे पुष्कळ हसणे जाहले. तिकडे ओढ्याचे पाणी आधी धुळीत मुरले, मग डबक्यांत साचले, आणि चौथ्या दिवशी वाडीच्या खडकांवरून वाहू लागले. राहीबाई घागर भरून रांजणापाशी गेली. रांजणातले पाणी तळाशी गेले होते, वर बुरशी आली होती, आणि तुळाजी खाटेवरून म्हणाला की तो गेला, उगाच पाणी घालू नको. तिने घातले. चुना घातला, गूळ घातला, गोधडीने तोंड बांधिले आणि शेजारी बसून राहिली. तिसऱ्या सकाळी गोधडी काढिली तो पाण्यावर तांबूस साय धरली होती, म्हणजे रांजण जिवंत होता, आणि वास असा उठला की गल्लीतली माणसे नाकाला पदर लावून हसत बाहेर आली.

ऐसी त्या शब्दाची हकीकत. किताब समारंभापुरता राहिला आणि गेला, त्याचा शिक्का पडला नाही. अंतोनांनी सांगितलेले सगळे अर्थ शास्त्रीमंडळी विसरली. वाडीच्या लोकांस तर तो इंग्रजी शब्द कधी उच्चारताही आला नाही. इतकेच जाहले की, पूर्वी वाडीची गाडी रंगविलेले कापड घेऊन निघाली आणि कोणी विचारिले कुठे, तर गाडीवान म्हणे शहरात. आता म्हणतो, म्हायेरी.