सात नंबरच्या दारातला माणूस

बर्नार्ड टॅटरसॉलला कामावर झोप लागली, आणि त्याचं काम झोपण्याचंच असल्यामुळे ती कुणाच्या लक्षात आली नाही.

'क्लॉगर्स रो' या सॅलफर्डमधल्या गल्लीवरच्या टीव्ही मालिकेत तो सात नंबरच्या दारात स्लीपिंग बॅगमध्ये पडलेला बेघर म्हातारा होता. त्याला नाव नव्हतं, वाक्य नव्हतं. गल्लीतली माणसं त्याला ओलांडून पबमध्ये जात, लग्नं करत, एकमेकांचे नवरे पळवत, आणि तो आपला पडलेला असे. गल्ली मोठी गरीब होती, पण रोज संध्याकाळी पबमध्ये बसायला सगळ्यांनाच परवडायचं. कुणावर खरंच उपासमारीची पाळी आली तर ती नोव्हेंबरात यायची आणि सर्दीसारखी नाताळापर्यंत बरी व्हायची.

त्याचा फाटका कोट दर आठवड्याला ड्रायक्लीन होई आणि मग कपडेपटातल्या पोरी चहा पीत बसून तो पुन्हा मळवत. एकदा घाईत बर्नार्ड स्वतःच्याच कोटात आला तेव्हा त्याला परत पाठवण्यात आलं. इतकं फाटकं प्रेक्षकांना खरं वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्या शुक्रवारी मात्र त्याचं नशीब उघडलं होतं. इमोजेन ही लंडनहून आलेली नवी दिग्दर्शिका सकाळीच त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली की सोमवारी नाताळच्या भागाचं चित्रीकरण आहे, गल्लीतले लोक वर्गणी काढून त्याला घर देणार आहेत आणि त्याला एक वाक्य आहे. "हे माझं घर?" एवढंच म्हणायचं, पण म्हणायचं. म्हणजे शेवटच्या पाट्यांत नाव येणार. बर्नार्ड आयुष्यभर या एका वाक्याची वाट पाहत होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत बोल्टनला बहिणीला फोन केला, आणि डोरीनने लगेच ती बातमी केस कापायच्या दुकानात पोचवली.

दुपारी बॅगेत पडल्या पडल्या तो वाक्य घोळवू लागला. आधी 'हे'वर जोर देऊन पाहिला, मग 'माझं'वर. बॅग उबदार होती. त्याच्या भाड्याच्या खोलीतला हीटर तो जपूनच लावत असे, त्यामुळे अशी ऊब त्याला कामावरच मिळायची. 'घर'वर पोचेपर्यंत त्याचा डोळा लागला.

"त्याला हलवू नका, लाडक्यांनो," शेवटचा शॉट झाल्यावर इमोजेन कुजबुजली. "अजून भूमिकेत आहे तो."

सगळे चवड्यांवर निघून गेले.

जाग आली तेव्हा गल्लीत धुकं उतरलं होतं. दिवे मंद होते, चिटपाखरूही नव्हतं, आणि सगळं इतकं शांत होतं की आपण मेलो असं बर्नार्डला वाटलं. स्वर्ग हुबेहूब सॅलफर्डसारखा निघाला याचं त्याला जरा वाईटही वाटलं. मग पाय गारठले, तेव्हा तो जिवंत असल्याचं ध्यानात आलं. सेटच्या फाटकाला कुलूप होतं. त्याची स्वतःची विजार आणि फोन कपडेपटात अडकले होते. त्याने एक नंबरचं दार उघडलं, तर पलीकडे लोखंडी नळ्या आणि चिखल. पुढच्या दारामागे एक ट्रक उभा होता. पबच्या दारामागे तर काहीच नव्हतं, नुसतं धुकं. गल्लीभर घरं होती आणि आत शिरायला घर एकही नव्हतं. झोपेतच चालल्यासारखा तो दारं उघडत, लावत परत आपल्या दाराशी आला, तर सात नंबरच्या खिडकीत उजेड, आणि टोस्टचा वास.

त्याने दार वाजवलं. पहारेकऱ्याचं जाकीट आणि पायात लोकरी सपाता घातलेली एक साठीची बाई खायचा काटा हातात घेऊन उभी राहिली. छातीवरच्या बिल्ल्यावर मॉरीन एन्टविसल असं नाव होतं.

"इथं झोपायला बंदी आहे," ती म्हणाली.

"बाई, मी मालिकेत आहे."

"सगळे तेच म्हणतात. मागं एक आला होता, तो तर म्हणे पबचा मालक."

"टीव्ही लावा. आता सुरू होईलच. दिसेन मी."

टीव्ही आत होता. दोघं बसले. एक लग्न मोडलं, एक जमलं, भांडणात कुणाच्या तरी अंगावर बिअर उडाली, आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात एक बूट दिसला. "हा मी," बर्नार्ड अभिमानाने म्हणाला. मॉरीनने खाली वाकून त्याच्या पायातला बूट नीट निरखला, पडद्याकडे पाहिलं, आणि त्याच्यापुढे टोस्टवर घातलेले गरम घेवड्याचे दाणे ठेवले.

ही खोली पूर्वी दिव्यांचं सामान ठेवायला केलेली होती. आता तिथे पलंग होता, मगमध्ये टूथब्रश होता, हीटरवर मोजे वाळत होते. बर्नार्डची नजर फिरत गेली तशी मॉरीनही चहा ढवळत बसली, ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"घरमालकानं घर विकलं," ती म्हणाली. "दुसरं परवडेना. रात्रपाळीला मीच आणि सुट्टीच्या दिवशीही मीच, त्यामुळे कुणी विचारत नाही. उलट साहेब म्हणतात, एन्टविसलबाईंना कधी उशीर होत नाही." ती थांबली. "सांगू नका कुणाला."

"छे छे," बर्नार्ड म्हणाला. त्याला फार बरं वाटत होतं. पोटात गरम गेलं होतं, पापण्या जड झाल्या होत्या, आणि त्या सुखात त्याने आपली बातमीही सांगून टाकली. सोमवारी त्याला घर मिळणार. मंगळवारी सुतार येणार, भिंतींना कागद, नवी शेगडी, सगळं खरं, आतून चित्रीकरण करण्यासाठी.

"वा. कुठलं घर?"

त्याने दाराकडे पाहिलं आणि टोस्ट बशीत परत ठेवला. ज्या दारात तो इतकी वर्षं पडला होता त्याच दाराच्या आतल्या बाजूला तो आत्ता बसला होता. मॉरीनला सांगावं लागलं नाही. तिने उठून टीव्ही बंद केला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुम्ही फार दिवस बाहेर काढलेत."

तिने हे अगदी मनापासून म्हटलं, आणि तेच बर्नार्डला सोसेना. तिने फाटक उघडून दिलं, थंडी आहे म्हणून आपला मफलरही दिला.

शनिवार-रविवार त्याला एकच स्वप्न पडत राहिलं. तो दारं उघडत जाई आणि प्रत्येक दारामागे मॉरीन सपाता घालून चहा ढवळत बसलेली असे.

सोमवारी साबणाच्या फेसाचा बर्फ पाडणारं यंत्र भाड्याने आलं होतं, तेही थोड्याच वेळासाठी, म्हणून इमोजेनने बजावलं होतं की शॉट एकदाच होईल. बर्फ पडू लागला. सगळी गल्ली मेणबत्त्या घेऊन गोळा झाली. पबच्या मालकिणीचं काम करणाऱ्या जुन्या नटीने डोळ्यांत पाणी आणून किल्ली पुढे केली. कॅमेरा बर्नार्डच्या तोंडाजवळ आला. बोल्टनला केस कापायच्या दुकानात हा क्षण टीव्हीवर पाहण्यासाठी खुर्च्या आधीच धरून ठेवल्या होत्या. तेवढ्यात सात नंबरचा पडदा किंचित हलला.

"नको, बाई," बर्नार्ड म्हणाला. "मी दारातच बरा."

आणि तो बॅगेत शिरला, चेन वर ओढली आणि डोळे मिटून घेतले.

कुणालाच काय करावं कळेना. जुनी नटी कसलेली होती, ती हुंदके देत राहिली. फेस संपला. आता हाकलणार, या खात्रीने बर्नार्ड पडून राहिला. वाक्य गेलं होतं, पाट्यांतलं नाव गेलं होतं, बहुधा ऊबही गेली होती. मग कुणीतरी शेजारी उकिडवं बसलं.

"हा स्वाभिमान," इमोजेन नाक पुसत म्हणाली, "कागदावर नव्हताच रे."

दुसरा शॉट घेणं शक्य नव्हतं, म्हणून लेखकांनी कथाच त्याप्रमाणे वळवली. सुतारांना येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. भाग टीव्हीवर आल्यावर एका वर्तमानपत्राने लिहिलं की बेघरांविषयी इतकं खरं टीव्हीवर कधी कुणी दाखवलं नव्हतं. प्रेक्षकांचा आग्रह पडला की या मानी म्हाताऱ्याने आता पुन्हा बोलू नये, आणि तो आग्रह कंपनीने आनंदाने मानला. डोरीन मात्र कित्येक दिवस रुसली होती. जन्मात एकदा बोलायला मिळालं आणि ते नको म्हणण्यात घालवलं, असं तिने फोनवर सुनावलं. बर्नार्डपाशी त्याला उत्तर होतं, पण ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

मग एका शुक्रवारी शेवटचा शॉट झाला तेव्हा तो स्लीपिंग बॅगमध्ये संथ श्वास घेत होता. इमोजेनने ओठांवर बोट ठेवलं. माणसं चवड्यांवर निघून गेली, दिवे मंद झाले, फाटकाला कुलूप लागलं. त्या दिवशी बर्नार्ड झोपला नव्हता. ते सोंग होतं, आणि उभ्या आयुष्यात त्याने इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याच्या डोक्यामागे कडी वाजली.

"पाय पुसून या," मॉरीन म्हणाली. "आत्ताच फरशी पुसलीय."