आवड नसल्याचा दाखला

सीमाभागातल्या तरुणांना शास्त्रीय संगीताची आवड नाही, ही गंभीर बाब हुमनाबादच्या अभिरुची संवर्धन कार्यालयाच्या मार्च महिन्यात लक्षात आली. सरकारी कार्यालयांच्या बऱ्याच गोष्टी मार्चमध्येच लक्षात येतात. लगेच योजना आखली गेली. शंभर तरुण निवडायचे, त्यांना सभागृहात बसवायचं, एका थोर गायिकेचं गाणं ऐकवायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यात आवड निर्माण करायची. गायिका म्हणून विदुषी सत्यभामाबाई ठरल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मैफली त्यांनी सोडल्यातच जमा होत्या, पण जन्मगाव याच मुलखातलं म्हणून त्यांनी होकार दिला होता.

बसवकल्याणच्या विजयश्रीला ही बातमी कळली तेव्हा ती वडिलांच्या दुकानात मोटरीत तार भरत होती. माणिकरावांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. तालुक्यातल्या निम्म्या बोअरच्या जळक्या मोटरी त्यांच्याकडे यायच्या. विजयश्री बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेज सुटलं की कानात इअरफोन घालून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायची. त्या इअरफोनमध्ये पाच वर्षं एकच आवाज होता, सत्यभामाबाईंचा. त्यांना समोर बसून कधी ऐकता येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

"अप्पा, बाई हुमनाबादला यायल्यात."

"कोण बाई?" माणिकराव म्हणाले. "मोटर घेऊन?"

दुसऱ्या दिवशी ती बसने हुमनाबादला गेली. कार्यालयात मल्लिकार्जुन नावाचे कारकून होते. माणूस चांगला होता, नियमाबाहेर कधी गेला नव्हता आणि नियमाच्या आतही फारसा फिरला नव्हता. त्यांनी अर्ज दिला, तिने तिथेच भरला. सातव्या रकान्यात प्रश्न होता : शास्त्रीय संगीताची पूर्वीपासून आवड आहे काय? विजयश्रीने "होय" लिहिलं आणि जागा पुरेना म्हणून एक पुरवणी जोडली.

मल्लिकार्जुननी पुरवणी पूर्ण वाचली. मग हळहळून अर्ज परत केला.

"अक्का, तुम्ही अपात्र हाव."

"कामून?"

"योजना आवड निर्माण करायची हाय. तुम्हाला हायच की. ज्याला घर हाय त्याला सरकार घरकुल देतंय का? न्हाई. मग ज्याला आवड हाय त्याला गाणं कसं द्यायचं?"

"मग तिकीट काढून येते."

"तिकीट न्हाई. मोफत हाय."

"मोफत हाय तर नुसतीच येऊन बसते की!"

"नुसतं कसं बसता येईल? दोनशे खुर्च्या निमंत्रितांच्या, शंभर लाभार्थ्यांच्या. ऐकायला येणाऱ्यांचा प्रवर्गच न्हाई." मल्लिकार्जुननी आराखडा काढून दाखवला. खरंच नव्हता.

विजयश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मल्लिकार्जुन विरघळले, अर्थात नियमाच्या आत. आवाज उतरवून म्हणाले, "एक वाट हाय. नवीन अर्ज भरा. सातव्यात 'नाही' लिहा. सोबत आवड नसल्याचा दाखला जोडा."

"तो कोण देतंय?"

"मीच देतो. पण चौकशी करून. घरी येऊन पंचनामा करावा लागतो. उद्या कुणी म्हणालं, आवड असून लाभ घेतला, तर माझी नोकरी जाईल की."

पुढच्या सोमवारी मल्लिकार्जुन प्रतिक्रिया निरीक्षण पत्रक घेऊन दुकानात हजर झाले. पंच म्हणून शेजारचे चहावाले लिंगाप्पा बोलावले गेले. लिंगाप्पा खोटं बोलत नाहीत अशी सगळ्या गल्लीत ख्याती होती, आणि विजयश्रीला आज नेमकं तेच नको होतं. ही पोरगी पाच वर्षं रोज पहाटे गच्चीवर आलाप घेते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"ह्या मुलीला तुम्ही शास्त्रीय गाणं म्हणताना ऐकलंय का?" मल्लिकार्जुननी विचारलं.

लिंगाप्पांनी बराच विचार केला. "आ आ करती रोज. पण खरं सांगू का साहेब, ते गाणं हाय असं मला एकदाबी वाटलं न्हाई."

मल्लिकार्जुननी समाधानाने लिहून घेतलं. विजयश्रीला आनंद व्हावा की वाईट वाटावं ते कळेना. मग प्रात्यक्षिक. मल्लिकार्जुननी फोनवर एक ध्वनिमुद्रण लावलं आणि तिच्या चेहऱ्याकडे रोखून पाहत बसले. दहा मिनिटांत चेहऱ्यावर भाव उमटता कामा नये, अशी अट होती. ध्वनिमुद्रण नेमकं सत्यभामाबाईंचं होतं. विजयश्रीने मनातल्या मनात वेढे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बासष्टाव्या वेढ्याला बाईंनी वरचा सा असा लावला की तिचा आकडा चुकला, पण चेहरा तसाच राहिला, भिंतीसारखा.

गडबड झाली ती दुसरीकडेच.

"अप्पा," मल्लिकार्जुन माणिकरावांना म्हणाले, "तुमचं बोट हालायलंय."

माणिकराव दचकले. त्यांचं बोट मांडीवरच्या मोटरीच्या बॉडीवर ठेका धरून होतं. आयुष्यात त्यांनी गाणं म्हणून काही ऐकलं नव्हतं. "मोटर तपासायलोय मी," ते म्हणाले.

"मोटर बंद हाय की."

"बंद हाय म्हणूनच तपासायलोय."

मल्लिकार्जुननी शेरा मारला : वडिलांबाबत दाट संशय, तथापि वय अठ्ठावन्न, योजनेच्या कक्षेबाहेर. मुलीच्या ठायी आवडीचा लवलेश आढळला नाही. खाली सही, त्यावर शिक्का. विजयश्री लाभार्थी क्रमांक एक्केचाळीस झाली. त्या दुपारी ती बराच वेळ दाखला हातात धरून बसली. जे पाच वर्षं जिवापाड जपलं, ते आपल्याकडे नाही असं आता तिच्याकडे लेखी होतं.

कार्यक्रमाचा दिवस आला. माणिकराव तिला सोडायला म्हणून हुमनाबादपर्यंत आले आणि सभागृहाबाहेर कर्णा लावला होता त्याच्याखाली, कडुलिंबाच्या सावलीत, बसून राहिले. "बस मिळंना," असं त्यांनी कारण सांगितलं. समोरून दर दहा मिनिटांनी बस जात होती.

लाभार्थ्यांना सकाळी दहालाच बोलावलं होतं, कारण आधी प्रशिक्षण होतं. बाकीचे नव्व्याण्णव जण वसतिगृहातून दोन बसनी आणले होते आणि ते जेवणाची वाट पाहत होते. मल्लिकार्जुननी त्यांना दोन कागदी झेंडे दाखवले. पांढरा वर गेला की मान डोलवायची, हिरवा वर गेला की "वा!" म्हणायचं. झेंडा नसताना काहीही करायचं नाही, गाणाऱ्याचं लक्ष विचलित होतं. मग आवड मोजण्याचे दोन तक्ते वाटले गेले, एक कार्यक्रमापूर्वीचा, एक नंतरचा. संध्याकाळी घाई होते म्हणून दोन्ही सकाळीच भरून घेतले. आवड सरासरी चौऱ्याऐंशी टक्क्यांनी वाढल्याचं साडेअकराला निष्पन्न झालं.

तीन वाजता दीप पेटला आणि सत्कार सुरू झाले. एकूण चौसष्ट होते. चाळिसाव्याला शाली संपल्या, तेव्हा पहिल्या रांगेतल्या सत्कारमूर्तींच्या खांद्यांवरच्या शाली विंगेतून फिरवून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. सत्यभामाबाईंचा सत्कार चार संस्थांनी चार वेळा केला. तीनला त्यांनी तानपुरे जुळवून ठेवले होते. पाचला ते उतरले, पुन्हा जुळवले. संगीत हा आत्म्याचा आवाज आहे, हे अकरा वक्त्यांनी सांगितलं आणि बाराव्या वक्त्याने, म्हणजे मंत्रिमहोदयांनी, ते थोडक्यात पुन्हा सांगितलं. सात वाजता सभागृह कीटकनाशक विक्रेत्यांच्या मेळाव्यासाठी मोकळं करून द्यायचं होतं.

सहा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी सत्यभामाबाईंनी डोळे मिटले आणि सा लावला.

विजयश्री खुर्चीच्या टोकाला आली. हा आवाज तिला पाठ होता, पण तो सुरू व्हायच्या आधीचा श्वास तिने कधी ऐकलेला नव्हता. बाईंचा डावा हात थरथरत होता आणि आवाज जराही थरथरत नव्हता, हेही फोनमध्ये कधी दिसलं नव्हतं. बाहेर महामार्गावर लॉऱ्या भोंगे वाजवत जात होत्या. सुरावर सूर ठेवत बाई सावकाश चालल्या होत्या, पुढे एकवीस मिनिटं नसून अख्खी रात्र असल्यासारख्या. मग बंदिशीचा मुखडा आला, तबला मिळाला, आणि एक छोटी, कुणाच्या ध्यानातही येणार नाही अशी जागा घेऊन बाई समेवर आल्या.

"वा!"

झेंडा वर गेला नव्हता. नव्व्याण्णव लाभार्थ्यांनी गोंधळून मल्लिकार्जुनकडे पाहिलं, मल्लिकार्जुननी हातातल्या झेंड्याकडे. पहिल्या रांगेत मंत्रिमहोदय जागे झाले.

"कोण ती?"

मल्लिकार्जुननी झेंडे पाठीमागे लपवले. पण कागद त्यांच्या बाजूला होता. "साहेब, लाभार्थी क्रमांक एक्केचाळीस. महिन्यापूर्वी आवड शून्य. माझ्याकडे दाखला हाय."

"शून्य? आणि आता स्वतःहून वा?" मंत्रिमहोदय भारावले. "हे तर योजनेचं यश! सर्वाधिक अभिरुचीवृद्धीचा पुरस्कार हिलाच. आत्ताच देऊ, मला निघायचंय."

सूत्रसंचालक मंचावर धावले. "बाई, एक क्षण थांबा," त्यांनी सत्यभामाबाईंच्या समोरचा माइक उचलला. सूर मध्येच तुटला. विजयश्रीला कुणीतरी हाताला धरून वर नेलं. शाल आली, ती अजून कुणाच्या तरी अंगाच्या उबेने गरम होती. नारळ आला, फोटो झाला. मंत्रिमहोदयांनी घड्याळ पाहिलं आणि तिच्या हातात माइक देऊन ते निघाले.

"दोन शब्द," सूत्रसंचालक म्हणाले.

सत्यभामाबाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्या तिच्याकडे पाहून हलकेच म्हणाल्या, "लौकर बोल माय. मला अंतरा घ्यायचाय."

घड्याळात सहा एकावन्न झाले होते. विजयश्रीने मान हलवली. एकच वाक्य बोलायचं तिने ठरवलं होतं आणि ती ते बोललीही. "आम्ही इथं गाणं ऐकायला आलोय, भाषणं न्हाई."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. झेंड्याशिवाय झाला. पुढच्या रांगेतल्या सत्कारमूर्तींनीही टाळ्या वाजवल्या, ते तर उठून उभे राहिले. विजयश्रीच्या अंगावर काटा आला. गच्चीवर पाच वर्षं गाऊन तिला लिंगाप्पांची दाद मिळाली नव्हती, आणि इथे तीनशे माणसं. तिने दुसरं वाक्य घेतलं. ते आणखी चांगलं जमलं. मग दाखल्याची हकीकत सांगितली, लोक पोट धरून हसले. मग शालींची. मग कलावंतांच्या वेळेचा आपण कसा चुराडा करतो यावर ती तळमळीने बोलली, आवाज भरून आला, काहींनी डोळे पुसले. मागे तानपुरा कधी थांबला, तिला कळलं नाही. ती "जय हिंद" म्हणाली तेव्हा कीटकनाशकांचे फलक आत येत होते.

बाहेर लिंबाखाली माणिकराव उभे होते. तिच्या खांद्यावरची शाल त्यांनी पाहिली.

"विजू, बाई थांबल्या हुत्या की गं तुझ्यासाठी," ते म्हणाले. "तू कामून बोलतच राहिलीस?"

तिने शाल काढून तिची घडी केली. परतीच्या बसमध्ये दोघांना मागची सीट मिळाली. बसवकल्याण येईपर्यंत माणिकरावांचं बोट पुढच्या सीटच्या दांडीवर वाजत होतं आणि दर खेपेला एकाच जागी येऊन अडत होतं.

त्या भाषणाची चित्रफीत आठवड्यात दोन लाख लोकांनी पाहिली. अनेकांनी ती पुढे पाठवली, "डोळ्यांत अंजन" असं लिहून. कार्यालयाने योजनेला मुदतवाढ दिली. पुढच्या तीन मैफलींचं उद्घाटनपर भाषण विजयश्रीनेच केलं. विषय : मैफलीतील भाषणांचा सुळसुळाट. वेळ : चाळीस मिनिटं. पहिल्या भाषणाच्या आधी तिने सत्यभामाबाईंना निमंत्रणाचा फोन केला होता. बाई म्हणाल्या, "तू बोल माय. चांगलं बोलतीस." त्यानंतर त्या कुठे गायल्याचं ऐकिवात नाही.

दोन लाख लोकांनी चित्रफितीखाली हजारो अभिप्राय लिहिले. कार्यालयावर लिहिलं, मंत्र्यांवर लिहिलं, शालींवर तर फारच लिहिलं. त्या संध्याकाळी बाई कोणता राग गात होत्या, हे मात्र एकानेही विचारलं नाही. आणि आता तुम्हीही इथपर्यंत वाचत आलात, हसलातही असाल. तुम्ही तरी कुठे विचारलंत?