मानकरसाहेबांचं नाक

मानकरसाहेब कुणाला रामराम घालत नाहीत, हुंगतात. मी ऑफिसात पाऊल टाकलं की कागदातून मान वर न करता म्हणतात, "आज घरी मेथी झाली. अन् करपली." मेथी करपलेली असतेच. करपवणारा मी असतो, एवढं मात्र त्यांचं नाक सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

आमचं काम वास मोजण्याचं. यवतमाळ जिल्ह्यात कुठं गोठ्याचा, कुठं पोल्ट्रीचा वास गावात येतो अशी तक्रार आली की आम्ही दोघं जाऊन तिथली हवा मोजतो. काचेच्या नळीतून हवा ओढली की नळीचा रंग बदलतो, त्यावरून अमोनिया कळतो. शिवाय पिशवीत हवा भरून आणायची आणि प्रयोगशाळेत तिघांनी ती हुंगायची. त्यातले एक साहेब. त्यासाठी त्यांनी वासाचा साबण सोडला, कांदा सोडला, लग्नातल्या पंगतीही सोडल्या. "नाकाले शिस्त लागते बाप्पा," एवढंच म्हणतात.

मुकुटबनजवळच्या शकीलाबींचं घर त्यांच्या पोल्ट्रीवर चालतं. गावानं तक्रार केली. वास मर्यादेबाहेर निघाला तर शेड बंद, असं ग्रामसभेत ठरणार होतं.

त्या दिवशी साहेब नळी लावत होते, पिशवी माझ्याकडं होती. पिशवीत हवा भरायच्या पंपाची बॅटरी मेली. मी हुशार माणूस. पोरांच्या वाढदिवसाला इतके फुगे फुगवलेत, तिथं ही पिशवी काय? साहेबांची पाठ वळलेली बघून फुगवली तोंडानं. तोंडात खर्रा होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत साहेबांनी एकदाच हुंगलं.

"सुपारी, तंबाखू, चुना. काहून रे, शकीलाबीच्या कोंबड्या खर्रा खाऊन राह्यल्या काय?"

मी कबूल केलं. ग्रामसभा चार दिवसांवर आली होती आणि हातात नमुना नव्हता.

साहेब मला घेऊन त्याच दुपारी परत मुकुटबनला गेले. शेडकडून वारा येईपर्यंत गावाच्या कडेला तीन तास उन्हात बसले, मग पिशवी भरली. नंतर शेडमध्ये शिरले आणि चार पावलांवर थांबले.

"बाई, इथलं कोंबड्यांखालचं तूस ओलं हाय."

पाण्याच्या नळाला सुईएवढं भोक निघालं. शकीलाबी म्हणाल्या, "साहब, मैं तो रोज यहीं से गुजरती हूँ."

"तुमाले सवय झाली. मी सवय होऊ देत नाही."

नळ दुरुस्त झाला, ओलं तूस उचललं, नवं पसरलं. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा मोजलं. साहेबांनी अहवालात दोन्ही आकडे मांडले: आधीचा मर्यादेबाहेर, नंतरचा आत. ग्रामसभेत कुरकुर झाली, पण शेड राहिली.

अहवालाच्या शेवटी एक ओळ होती: पहिला नमुना माझ्या हलगर्जीपणामुळे बाद. खाली सही मानकरांची.

"साहेब, पिशवी तर मी फुगवली होती."

"ठपका तुह्यावर आला असता तं तुले घरी जाऊन सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "माह्या घरी कोन हाय विचारायले?"

आणि त्यांनी पुढच्या गावाच्या तक्रारीचा कागद माझ्याकडं सरकवला.