मुरादभाईंच्या टेम्पोचा सूर

मुरादभाईंनी लेकाचं कौतुक आयुष्यात एकदाच केलं, आणि तेच त्यांना भोवलं.

लेक मुसैब नॉइज रॉक वाजवायचा. म्हणजे नेमकं काय, हे अख्ख्या महाडात कुणाला सांगता येत नसे. त्याच्या अम्मीला, हाजराला, एवढंच ठाऊक होतं की गिटारच्या तारांवर करवत फिरते आणि मिक्सरचं भांडं एकदा नेलं की परत येत नाही. वाजवताना तो बापाचा जुना रेनकोट घालायचा, तोही भर उन्हाळ्यात. का रे बाबा, असं विचारलं तर म्हणायचा, "आवाज अंगावर उडतो." आता यावर कोण काय बोलणार!

पण मुंबईच्या एका चॅनलवरची मेहविश नावाची मुलगी त्याची लाइव्ह मुलाखत घेणार म्हटल्यावर मुरादभाईंची छाती फुगली. पोरगा अगदीच वाया गेलेला नाय, असं म्हणत त्यांनी ती लिंक टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर टाकली, सगळ्या गिऱ्हाइकांना टाकली, कुवेतच्या मेहुण्याला टाकली, आणि आठवणीने किशोरशेठनाही टाकली.

किशोरशेठचा गणपतीचा कारखाना. पावसाळ्यात घाट बंद व्हायच्या आत त्यांच्या कच्च्या मूर्ती वरंध घाटातून भोरला पोचवायच्या, हा मान दरसाल मुरादभाईंचा. भाडं काय, कुणीही मारतं. पण त्यांच्या टेम्पोत आजवर बाप्पाच्या उंदराचं शेपूटसुद्धा मोडलं नव्हतं, आणि हे ते लग्नात, बारशात, माणूस भेटेल तिथं सांगायचे. यंदाच्या मूर्ती परवाच भरायच्या होत्या.

मुलाखतीला मुरादभाई नवा शर्ट घालून मोबाइलसमोर बसले.

"तुझ्या संगीतावर प्रभाव कुणाचा?" मेहविशने विचारलं. "बाहेरचे बँड?"

"छे! माझा उस्ताद म्हणजे अब्बांचा टेम्पो."

मुरादभाईंनी हाजराकडे पाहिलं. "बघ. बापाचं नाव काढलंन."

"चढाला दुसऱ्या गिअरमध्ये तो असा कण्हतो ना, अंगावर काटा येतो," मुसैब रंगात आला. "मागचा फाळका खडखडत ताल धरतो. आणि घाटमाथ्यापलीकडे, उताराला ब्रेक दाबला की जी किंकाळी फुटते, ती कुठल्या गिटारातून निघणार नाही! ऐकाच."

त्याने ऐकवलं. हाजराने दोन्ही कान झाकले.

"कमाल! आणि नव्या अल्बमचं नाव?"

"ब्रेक फेल," मुसैब म्हणाला आणि त्याने अल्बमचं चित्र दाखवलं. चित्रात टेम्पो होता. नंबरप्लेटसकट.

मुलाखत संपायच्या आतच मोबाइल मुरादभाईंच्या हातात थरथरायला लागला. पहिला पोलादपूरचा फर्निचरवाला: "कपाटं जरा थांबवा." मग किशोरशेठ.

"मुरादभाई, दुसरं काय असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे. बाप्पा हायत वो!"

"शेठ, ब्रेकला काय पण झालेलं नाय. आवाजच तसा हाय. स्वभाव हाय गाडीचा."

"मग पोरगा खोटं बोलतो काय?"

हो म्हणावं तर पोरगा जगासमोर खोटारडा, नाय म्हणावं तर टेम्पो खटारा.

"यंदा दुसरी गाडी बघतो. वाईट वाटून घेऊ नका," म्हणत शेठनी फोन ठेवला. मुरादभाईंना वाईट वाटायचं ते वाटलंच. ताटातलं कालवण निवून गेलं.

"परत लाइव्ह जा," ते खोलीतून बाहेर आलेल्या मुसैबवर ओरडले, "नि सांग, तो आवाज तुझ्या करवतीचा हाय म्हणून!"

"अब्बा, दुसरं काहीही सांगा. सुराच्या बाबतीत मी खोटं बोलणार नाही."

"सूर? माझं नाक कापलंस नि वर सूर म्हणतोस त्याला?"

"भांडून काय व्हणार?" हाजरा मध्ये पडली. "गाडी भरतला दाखवा. मग शेठना शेजारी बसवून घाटात एक फेरी मारा. कान त्यांना पण हायत."

भरत मिस्त्रीने चाक उतरवलं, ब्रेकचे लायनर हातात घेतले आणि कपाळावर हात मारला. "मुरादभाई, हे लायनर हायत का पापड? इतके दिवस आवाज येत नव्हता?"

"येत व्हता रे," मुरादभाई हळूच म्हणाले. "पण रोजचाच व्हता."

भरतने नवे लायनर बसवले, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस दिलं, फाळक्याला रबर लावलं. मुसैब बाजूला मय्यतीला आल्यासारखा उभा होता. "मिस्त्री, फाळका तरी ठेवा हो!" पण त्याचं ऐकतो कोण?

फेरी झाली. शेठ खूश झाले. मूर्ती पेंढ्यात बसल्या आणि ठरल्या दिवशी टेम्पो घाटाला लागला. मध्ये शेठ, खिडकीशी तोंड फुगवून मुसैब, मांडीवर त्याचा स्पीकर. गाडी अशी मुकाट चढली की मुरादभाईंना आपण दुसऱ्याचीच गाडी चालवतोय असं वाटायला लागलं.

माथा ओलांडून उतार लागला आणि पहिल्याच वळणावर रस्ताभर म्हशी! मुरादभाईंनी ब्रेक दाबला. टेम्पो हूं की चूं न करता जागच्या जागी थांबला. मागे पेंढाही हलला नाही. "वा!" शेठ म्हणाले.

म्हशी मात्र ढिम्म. हॉर्न वाजवून वाजवून मुरादभाईंचा अंगठा दुखला. पलीकडच्या चहाच्या टपरीतून म्हशींची मालकीण राहीबाई बाहेर आली.

"अरे मुराद, तू हायस व्हय? मला वाटलं कोण मुंबयवाला! हॉर्नला नाय रे त्या हलायच्या. तुझी गाडी वरडली की आपोआप बाजूला व्हत्यात, नि मी चायला आधण ठेवते. आज ना म्हशी हलल्या, ना चाय झाला."

मुरादभाई मुसैबकडे वळले. मग खाकरले.

"मुसैब... ते तुझं ब्रेक फेल हाय काय मोबाइलात?"

"आहे."

"लाव. नि स्पीकर भायेर धर."

दुसरा गिअर कण्हला. फाळक्याने ताल धरला. म्हशींनी माना वर केल्या. शेठनी कानांत बोटं घातली. "बास रे पोरा, बंद कर!"

"थांबा शेठ," मुरादभाई म्हणाले. "ब्रेक लागायचा हाय अजून."

आणि लागला. ती किंकाळी डोंगराला आपटून परत आली. म्हशी एकामागोमाग एक कडेला झाल्या, आणि राहीबाई आधण ठेवायला आत पळाली.

मुरादभाईंनी गिअर टाकला. त्यांचे डोळे उगाच ओले झाले होते.

"बघितलंत ना शेठ?" ते म्हणाले. "पोरगा खोटं बोलत नाय."