गाडीले सोबत लागते

सकाळी आठला आबासाहेबांची आरोळी आली की आमच्या धंतोलीतल्या गल्लीत माणसं दाराआड होत. "कोणी आहे का गा बसायले?"

बसायचं म्हणजे त्यांच्या जुन्या मोटारीत, त्यांच्या शेजारी. ती जागा रिकामी असली की मोटार ढिम्म. बटण दाबा, हँडल मारा, भोंगासुद्धा तोंड उघडत नसे. कोणी बसलं की मात्र बाईसाहेब पहिल्या दाबाला फुरफुरत उठायच्या.

"गाडीले सोबत लागते," आबासाहेब गंभीरपणे सांगत.

आबासाहेब कालव्यांच्या खात्यातले पेन्शनर ओव्हरसियर. उभ्या हयातीत त्यांनी बंद पडलेले पंप नुसते कान लावून सुधारले होते, पण घरच्या मोटारीपुढे हात टेकले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या माई, असताना गाडीची तक्रार नव्हती. माई त्याच जागेवर बसत. त्या गेल्या आणि हे खूळ सुरू झालं, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

एकदा त्यांनी गल्लीतल्या न्हाव्याला पकडलं. तो बिचारा "आलोच" म्हणून वस्तरा हातात घेऊनच बसला, तो दीड तासाने इतवारीचा बाजार पाहून परतला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक ओट्यावर बसून त्याचा उद्धार करत होतं. ते गिऱ्हाईक मीच.

भाजीवालीही सुटली नाही. "ये वं, बस," आबासाहेब म्हणाले.

"मी काहून बसू? अन् माझ्या टोपलीचं काय?"

"टोपली मांडीवर घे. बर्डीवर विकू तुझी भाजी!"

आणि खरंच, बर्डीच्या भर बाजारात मोटार उभी करून हा पेन्शनर गृहस्थ "वांगे घ्या, वांगे!" म्हणून ओरडला. बाई आठवडाभर हसत होती.

मी तार ऑफिसातला. तारेतला बिघाड हुडकणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे ही मोटार मला अपमानासारखी वाटे. एका रविवारी कंबर कसली. प्लग घासले, कॉइलच्या तारा तपासल्या, डायनामो उघडला. आबासाहेब शेजारी स्टुलावर बसून माईंच्या हातच्या सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीच्या, गोष्टी सांगत होते. दुपार झाली, बिघाड सापडेना. शेवटी चिडून घरातलं तांदळाचं पोतं आणलं आणि त्या जागेवर ठेवलं. बटण दाबलं. गाडी सुरू!

मी आनंदाने ओरडलो. आबासाहेब मात्र उठून उभे राहिले. "बंद कर गा. तांदूळ काय बोलते?"

मी कुठला ऐकतोय! पोतं उतरवून गादी उचलली. खाली बॅटरी, आणि तिच्या तारेचा नट ढिला. वर वजन पडलं की तार चिकटे, उठलं की सुटे. पाना घेऊन नट आवळला. रिकाम्या जागेने गाडी सुरू झाली.

"हुशार आहे गा तू," आबासाहेब म्हणाले आणि घरात गेले. चहा विचारायचा राहून गेला. तसं कधी होत नसे.

आठवडाभर आरोळी आली नाही. दोनदा ते एकटेच गाडी घेऊन गेले आणि लगेच परतले. मग गाडी दारातच राहिली. न्हावी वस्तरा घासता घासता त्यांच्या फाटकाकडे बघे. "बाबूजी, आबासाहेब बिमार आहेत का?" त्याने मला विचारलं. आपण काय करून बसलो ते तेव्हा हळूहळू उमगू लागलं.

पुढच्या रविवारी आठच्या ठोक्याला आरोळी आली. "बाबू, अरे गाडी पुन्हा बिघडली गा! रामटेकले जायचं होतं."

मी गेलो. आबासाहेब आंघोळ करून, गंध लावून, परीटघडीचा कोट घालून उभे. फक्त उजव्या हाताची बोटं ग्रीसने काळी झालेली. मी बोटांकडे पाहिलं तसा त्यांनी हात खिशात घातला, आणि खिशात पाना खणकला.

ज्याने उभा जन्म पंप सुधारले, त्याला एक ढिला नट दोन वर्षं सापडला नसेल? आपली हुशारी कुठे ठेवू असं झालं.

गादी उचलून पाहिली नाही. जोडे काढले, पाय वर घेऊन माईंच्या जागेवर ऐसपैस बसलो. त्यांनी बटण दाबलं. गाडी फुरफुरली.

"पाहिलं? गाडीले सोबत लागते."

"लागते आबासाहेब," मी म्हटलं. "मले आता समजलं. रस्त्यात न्हाव्यालेही घेऊ, मागची जागा रिकामीच आहे."


आबासाहेबांनी भोंगा असा दणकून वाजवला की न्हावी वस्तऱ्यासकट धावत आला.